विषयाला शाबासकी, मांडणीला मुरडलेलं नाक: 'दो आँखें बारह हाथ'चं प्रकरण

व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला तो १९२७ साली, 'नेताजी पालकर'. शेवटचा 'झंझार', ऐंशीचं दशक उतरणीला लागलं तेव्हाचा. या साठेक वर्षांच्या मधोमध, १९५७ साली, 'दो आँखें बारह हाथ' येतो, भिंतीविना ठेवलेल्या सहा खुनी कैद्यांना माणसांत आणू पाहणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याचा हिंदी चित्रपट. मागे तीस वर्षं, पुढे तीस वर्षं. त्यांची जुनी 'प्रभात' फिल्म कंपनी बंद पडून चार वर्षं झाली होती आणि परळचा त्यांचा 'राजकमल' स्टुडिओ सुरू होऊन पंधरा. स्वतः शांताराम पंचावन्नचे होते. मूकपटांच्या काळात सोबत काम केलेली बरीच माणसं तोवर थकली होती, नाही तर मागे पडली होती.

या एका चित्रपटाकडे मी प्रकरण म्हणून पाहतोय. चित्रपट उत्तम आहे एवढंच त्याचं कारण नाही. त्याचं कौतुक ज्या पद्धतीने झालं त्यातून त्याला एक कायमची खूण चिकटली आणि ती पुढे शांतारामांच्या सगळ्या उत्तरार्धालाच लागली. आपल्याकडे या चित्रपटाबद्दल कुणाशीही बोला, एक वाक्य ठरलेलं: विषय थोर आहे हो, पण मांडणी जरा भडक. विषय गांधींचा म्हणून त्याला शाबासकी, मांडणी शांतारामांची म्हणून तिला मुरडलेलं नाक. माझं म्हणणं असं की ही वाटणी चुकीच्या जागी झाली. चित्रपटाची ताकद त्याच्या मांडणीत आहे आणि त्याचा कच्चा दुवा आहे तो नेमका त्या थोर म्हटल्या जाणाऱ्या विषयात.

माणदेशातली मूळ गोष्ट

गोष्ट सुरू होते औंध संस्थानात. बहात्तर गावांचं हे चिमुकलं संस्थान, तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि त्यांचे मित्र मॉरिस फ्रीडमन हे या प्रयोगाचे दोन हात. फ्रीडमन मूळचे पोलंडचे इंजिनियर; इथे येऊन ते भारतानंद झाले. त्याच १९३९ साली आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची एक वसाहत उभी राहिली आणि तिला नाव मिळालं स्वतंत्रपूर. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं तिथे शेती करणार. ही वसाहत आजही आहे, आता सांगली जिल्ह्यात. कैदी तिथे बायकामुलांसकट राहतात. ही बायकामुलांची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

ही हकीकत पडद्यापर्यंत आणली ग. दि. माडगूळकरांनी. माडगूळ हे आटपाडीच्या शेजारचं गाव, आणि त्यांच्या शाळेचे काही दिवस औंधातच गेले. तेव्हा पटकथा लिहायला बसलेला माणूस ऐकीव गोष्ट सांगत नव्हता, आपल्या शिवारातली सांगत होता. काळही कोणता, तर 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोचून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

इथे एक गोष्ट मला नेहमी हाताशी घ्यावीशी वाटते. गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. तोच माणदेश, तेच औंध संस्थान, तीच भेगाळलेली जमीन, आणि बाहेरून आलेला एक तरुण सरकारी नोकर लोकांना हाताशी धरून काहीतरी उभं करू पाहतोय. एका घरातून दोन वर्षांच्या अंतराने एकाच मातीच्या दोन गोष्टी निघाल्या. एकीत लेखक आवाज चढवत नाही. मास्तर तालीम बांधतो, दुष्काळ पडतो, माणसं गाव सोडून जातात, संपलं. दुसरीत सगळं पुराणकथेच्या मापाचं आहे. मराठी वाचकाने तोवर पहिल्या प्रकारच्या लेखनाला मोठं साहित्य मानायला सुरुवात केली होती. 'दो आँखें' नेमका त्या बदलत्या रुचीच्या तोंडावर आला.

सहा खुनी आणि एक तुरुंगाधिकारी

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. आदिनाथ हा तरुण तुरुंगाधिकारी, ही भूमिका खुद्द शांतारामांची. खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी माझ्या ताब्यात द्या, मी त्यांना माणसांत आणतो, असं तो वरिष्ठांना म्हणतो. बाबूराव पेंढारकरांनी केलेला वरिष्ठ अधिकारी कुरकुरत परवानगी देतो. सहाजण एका ओसाड जागी येतात, नांगर धरतात, भाजी पिकवतात, बाजारात नेऊन स्वस्तात विकतात. बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय येतो. मग कैद्यांना दारू पाजणं, मारहाण, आणि शेवटी उभ्या पिकावर सोडलेले बैल. पीक वाचवताना आदिनाथ मरतो. मधूनमधून संध्या येते, चंपा नावाची खेळणी विकणारी, हातातलं खेळणं वाजवत.

नाव अगदी सरळ आहे: एकाचे दोन डोळे, सहाजणांचे बारा हात. त्या डोळ्यांचा धाक, पुढे त्या डोळ्यांची माया, एवढ्यावर ती माणसं धरून ठेवलेली. भिंत नाही, म्हणून भिंतीच्या जागी नजर. पळून जायला निघालेली पावलं त्या डोळ्यांच्या आठवणीने परत फिरतात.

आणि हे सगळं कृष्णधवल. दोनच वर्षांपूर्वी, १९५५ साली, याच माणसाने 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये काढून देशभर धूम उडवली होती. त्याला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, फिल्मफेअरचे उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट दिग्दर्शक हे दोन्ही पुरस्कार मिळाले. रंगाचं नाणं इतकं खणखणीत वाजत असताना ते बाजूला ठेवून, नायिका मधूनच येणारा आणि नायक शेवटी मरणारा, खुनी कैद्यांचा काळा-पांढरा चित्रपट काढायचा, याला छाती लागते. शांताराम गल्ल्याकडे बघून चित्रपट काढत, असं म्हणणाऱ्यांनी हा निर्णय कुठल्या खात्यावर मांडायचा ते सांगावं.

पुरस्कार कशाला मिळाले

१९५७ हे हिंदी चित्रपटाचं भरगच्च वर्ष. 'मदर इंडिया', 'प्यासा', 'नया दौर', सगळे त्याच सालचे. ('प्यासा'चा दिग्दर्शक गुरुदत्त पुण्याच्या 'प्रभात'मध्येच उमेदवारी करून गेलेला. म्हणजे त्या वर्षीचे दोन मोठे चित्रपट एकाच अंगणातून निघाले.) फिल्मफेअरने 'मदर इंडिया'ला उचललं. राष्ट्रपती सुवर्णपदक मात्र 'दो आँखें'ला मिळालं.

त्या सुवर्णपदकाची यादी मांडून बघा. १९५३ आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई', १९५४ 'मिर्झा गालिब', १९५५ 'पथेर पांचाली', १९५६ 'काबुलीवाला', १९५७ 'दो आँखें बारह हाथ', १९५८ 'सागर संगमे', १९५९ 'अपुर संसार'. सात वर्षांत चार बंगाली, त्यांतले दोन सत्यजित राय यांचे. चांगला भारतीय चित्रपट कसा असावा याचं माप याच वर्षांत बदललं. राय यांनी १९४८ सालीच आपल्या चित्रपटांत काय चुकतंय यावर लेख लिहिला होता, आणि सात वर्षांनी त्याचं उत्तर करून दाखवलं. खरं घर, खरा पाऊस, कमी बोलणारी माणसं. हे माप मोठंच होतं. मी स्वतः 'पथेर पांचाली'पुढे हात जोडतो. पण एक माप हाती आलं की माणूस सगळं त्यानेच मोजायला लागतो. शांतारामांचे कैदी त्या फुटपट्टीवर चढवले की ते रंगभूमीवरचे वाटणारच. गजाने धान्य मोजलं की धान्य कमी भरतं, तसं.

मग परदेश. १९५८च्या बर्लिन महोत्सवात फ्रँक काप्रा परीक्षकांचे अध्यक्ष होते. 'दो आँखें'ला परीक्षकांचा खास पुरस्कार म्हणून रौप्य अस्वल मिळालं. कॅथलिक चित्रपटसंघटनेचंही पारितोषिक मिळालं. पुढच्या वर्षी अमेरिकेत गोल्डन ग्लोबच्या सोहळ्यात सॅम्युअल गोल्डविन यांच्या नावाचा पुरस्कार. बर्लिनचं सुवर्ण अस्वल त्या वर्षी इंगमार बर्गमन यांच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'ला गेलं, आणि त्यावर वाद घालण्याचं कारण नाही. पण एक योगायोग सांगण्यासारखा आहे. बर्गमन यांनी आपल्या चित्रपटात म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या भूमिकेसाठी व्हिक्टर श्योस्त्रोम यांना घेतलं होतं. श्योस्त्रोम म्हणजे स्वीडिश मूकपटांचे महान दिग्दर्शक. म्हणजे त्या वर्षी बर्लिनच्या पडद्यावर मूकपटांच्या काळातले दोन दिग्दर्शक अभिनेते म्हणून उभे होते. एक बर्गमनच्या चित्रपटात, एक स्वतःच्याच. पहिल्याचं मूकपटांशी असलेलं नातं जगाने प्रेमाने ओळखलं. दुसऱ्याच्या बाबतीत तेच नातं आपल्याकडे जुनाटपणा ठरलं.

कॅथलिक संघटनेने गांधीविचाराच्या चित्रपटाला पारितोषिक द्यावं यात आनंदच आहे, पण त्यातून कौतुकाचा रोखही कळतो. क्षमा, पापी माणसाचा उद्धार, हिंसेला हात न उचलता दिलेलं उत्तर. पारितोषिक या मूल्यांना होतं. इथे सरकारी सन्मानाचाही तोच सूर. स्वातंत्र्याला दहा वर्षं झालेली, तुरुंगसुधारणा हा चर्चेचा विषय, उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या काळात धरणांच्या कामावर कैद्यांची खुली शिबिरं सुरू झालेली. त्या वातावरणात हा चित्रपट पोस्टरसारखा उपयोगी होता. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' शाळाशाळांत प्रार्थना म्हणून गेलं. आमच्याही शाळेत रोज सकाळी ते व्हायचं. खाकी चड्डीत, डोळे मिटून, हात जोडून आम्ही ते म्हणायचो. ते खुनी कैद्यांच्या वसाहतीतलं गाणं आहे हे मला फार उशिरा कळलं. भरत व्यासांचे शब्द आणि वसंत देसाईंची चाल चित्रपटातून सुटून निघाली आणि लोकांची झाली. अशा मोठेपणापुढे चित्रपटाच्या मांडणीकडे बघायला कुणाला वेळ असणार!

डोळ्यांची वंशावळ

आता मांडणीकडे येऊ. माझा जीव तिथे आहे.

शांताराम १९२० साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. झाडणं-पुसणं, सेट रंगवणं, कॅमेऱ्याच्या आसपास वावरणं, सगळं केलं. १९२५च्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावून गिरणीत जाणारा शेतकरी त्यांनीच केला होता. बत्तीस वर्षांनी ते पुन्हा शेतात उभे राहिले, यावेळी जमीन कसायला लावणारे म्हणून. मूकपटात शब्द नसतात, पाट्या असतात. म्हणून वस्तूने बोलायचं, सावलीने बोलायचं, शरीराच्या एका अवयवाने सगळा माणूस सांगायचा. हा त्यांचा मुळाक्षरांचा धडा. पुढे 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी ते जर्मनीला गेले, तिथला छायाप्रकाश डोळ्यांत घेऊन आले.

त्यानंतरचं चित्र आठवून बघा. १९३४ सालचा 'अमृतमंथन', प्रभातच्या पुण्यातल्या स्टुडिओतला पहिला चित्रपट. राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांचा डोळा दूरच्या भिंगातून इतका जवळ घेतलाय की सगळा पडदा एका बुबुळाने भरतो. मशालींचा उजेड, बळी मागणारा धर्मगुरू, आणि समोर वाकलेला जमाव. तो डोळा म्हणजे धर्माच्या नावाने माणसांना मुठीत ठेवणारी सत्ता. १९३७च्या 'कुंकू'त आरसा आणि घड्याळ म्हाताऱ्या नवऱ्याला त्याचं वय सांगतात. तिथे पार्श्वसंगीत नाहीच. भांड्यांचे, पावलांचे, रस्त्याचे आवाज संगीताचं काम करतात. १९३९च्या 'माणूस'मध्ये गणवेशातला पोलीस गणपत एका वेश्येला माणूस म्हणून बघायला लागतो आणि गणवेश आडवा येतो.

'दो आँखें'त या तिन्ही धाग्यांची गाठ पडते. 'माणूस'मधला गणवेश आहे, 'कुंकू'तली बोलणारी वस्तू आहे, आणि 'अमृतमंथन'मधला डोळा आहे, फक्त यावेळी तो दयाळू माणसाच्या चेहऱ्यावर. तेवीस वर्षांपूर्वी ज्या युक्तीने शांतारामांनी जुलूम दाखवला, तीच युक्ती त्यांनी प्रेम दाखवायला वापरली. ही भडक मांडणी आहे का? हा एका कलावंताने स्वतःच्याच जुन्या चित्राशी घातलेला वाद आहे. माणसाला काबूत ठेवणाऱ्या नजरेचं माणसाला सांभाळणाऱ्या नजरेत रूपांतर होऊ शकतं का, हा प्रश्न तो संवादांत विचारत नाही, भिंगातून विचारतो.

जी. बालकृष्ण यांचा कॅमेरा पाहताना हातांकडे लक्ष द्या. या चित्रपटात हात चेहऱ्यांइतकेच बोलतात. ज्यांनी जीव घेतला तेच हात माती फोडतात, भाजी उचलतात. मी अलीकडे चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा 'उमड घुमड कर आयी रे घटा' थांबवून थांबवून पाहिलं. कोरड्या जमिनीवर पाऊस येतो आणि ही आडदांड माणसं त्यात भिजतात. सहाही शरीरं अवजड, चेहरे राकट, एकालाही नाचता येत नाही, आणि ती तशी नाचतात. न येणाऱ्याने नाचणं म्हणजे काय हे दाखवायला दिग्दर्शकाला नाचाची पक्की जाण लागते. 'झनक झनक'मध्ये गोपीकृष्णांच्या पायांकडे कॅमेरा धरणाऱ्या माणसाकडे ती होती.

वास्तववादाची फुटपट्टी लावली की यातलं काहीही दिसत नाही. दिसतात फक्त मोठे हावभाव.

जिथे चित्रपट खरोखर लंगडा आहे

उणिवा नाहीत असं मी म्हणत नाही. चंपाचं पात्र कथेत बसत नाही. ती येते, गाणं होतं, जाते. संध्याबाईंचा अभिनय सहाजणांच्या ओबडधोबड वावरापुढे फार आखीव वाटतो. व्यापारी खलनायक पुठ्ठ्याचा आहे. सहा कैद्यांपैकी उल्हास आणि बी. एम. व्यास यांचे दोन चेहरे ठसतात, बाकीचे जमावात मिसळून जातात. हे सगळं टीकाकार बोलले, बरोबरच बोलले.

पण मोठी उणीव दुसरीच आहे, आणि ती थोर विषयाच्या शालीखाली झाकली गेली. स्वतंत्रपूरची खरी कल्पना काय होती? माणूस पळून जाऊ नये म्हणून त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी द्या. जमीन द्या, काम द्या, घर द्या, बायकामुलं सोबत द्या. तिथे एका संताच्या नजरेवर काही चाललेलं नव्हतं. व्यवस्था होती, आणि म्हणूनच राजे गेले, संस्थान १९४८ साली विलीन झालं, तरी वसाहत टिकली. चित्रपटाने यातली बायकामुलं काढली, व्यवस्था काढली आणि सगळा भार एका आदिनाथवर टाकला. कैदी सुधारतात ते त्याच्या डोळ्यांमुळे. तो मेल्यावरही त्या डोळ्यांचीच सावली त्यांच्यावर.

यामुळे दोन गोष्टी बिघडल्या. एक म्हणजे सहा माणसं कायमची लेकरं राहिली. त्यांचं चांगुलपण त्यांच्या मालकीचं झालंच नाही, ते वरून बघणाऱ्याचं राहिलं. दुसरं म्हणजे भिंत नसलेला तुरुंग हा प्रयोग राजकीय होता, तो चमत्कार होऊन बसला. गांधीविचार म्हणून ज्याचा गौरव झाला, त्यात गांधींच्या विचारातला अर्धा भाग, संस्था उभी करण्याचा, गळून गेला आणि पुण्यवान माणूस तेवढा उरला. आपल्या समाजाची जुनी खोडच ही. कामाचा पुतळा करायचा. राजस्थानात १९६३ साली सांगानेरला खुलं कारागृह उभं राहिलं आणि चाललं, तेही कैद्यांना कुटुंबासह राहू देऊनच. कुणाच्या दिव्य डोळ्यांची तिथे गरज पडली नाही.

ही टीका करायला मांडणीत हात घालावा लागतो. डोळा हे प्रतीक इतकं प्रभावी वापरलंय, म्हणूनच त्याने व्यवस्थेला झाकून टाकलं. म्हणजे गुण आणि दोष एकाच जागी आहेत. विषय चांगला पण मांडणी वाईट म्हटलं की तिथवर पोचताच येत नाही. समीक्षेचं यापेक्षा मोठं अपयश मला दुसरं दिसत नाही, आणि मला त्याची खंत आहे, कारण शांतारामांसारख्या माणसाला त्या वळणावर खरा प्रश्न विचारणारा समीक्षक हवा होता. पदकं मिळत होती, टोमणेही मिळत होते. प्रश्न कुणी विचारला नाही.

बैलाचं शिंग

चित्रणात एक अपघात घडला. बैलांच्या झुंजीच्या प्रसंगात शांतारामांनी बदली माणूस घेतला नाही, आणि बैलाच्या माऱ्याने त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. दृष्टी राहते की जाते अशी वेळ आली. डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना पडून राहावं लागलं. डोळ्यांवरचा चित्रपट काढताना दिग्दर्शकाचे डोळे जायची पाळी यावी, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

त्या अंधारात रंग दिसले, असं ते पुढे सांगत. १९५९ साली 'नवरंग' आला. त्याच्या सुरुवातीला शांताराम स्वतः पडद्यावर येऊन प्रेक्षकांना ही हकीकत सांगतात. कथा गदिमांचीच, संध्या पुन्हा नायिका. मग पडद्यावर रंगांची जी उधळण झाली तिने टीकाकारांचं मत कायमचं बनवलं. 'दो आँखें'त तरी विषय होता, आता तोही नाही, नुसती मांडणी राहिली, असा निवाडा. 'सेहरा', 'गीत गाया पत्थरों ने', 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' येत गेले आणि निवाडा घट्ट होत गेला. दरम्यान १९६० साली पुण्यात प्रभातच्याच जागेवर सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथून आणि फिल्म सोसायट्यांतून घडलेल्या पिढीला तीसच्या दशकातला 'प्रभात'चा शांताराम आदरणीय होता, 'राजकमल'चा शांताराम अडचणीचा. एकाच माणसाचे दोन तुकडे. 'दो आँखें' या दोहोंच्या मधल्या फटीत पडला. 'प्रभात'च्या चाहत्यांना तो उशिराचा, 'राजकमल'ला नावं ठेवणाऱ्यांना तो अपवादाचा.

मला स्वतःला 'नवरंग'मध्येही सांगण्यासारखं बरंच दिसतं, पण तो वेगळा विषय.

गुरुजींचा पुतळा

'दो आँखें'ने सोडलेला प्रश्न समीक्षकांनी उचलला नाही, पण शांतारामांनी तो टाकून दिला नव्हता असं मला वाटतं. माझा पुरावा १९७२ सालचा 'पिंजरा'. शंकर पाटलांची लेखणी, जगदीश खेबुडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत, आणि डॉ. श्रीराम लागू मास्तरांच्या भूमिकेत. लोक त्याला तमाशापट म्हणून ओळखतात. लावण्यांमुळे ते साहजिकही आहे.

आदिनाथला शेजारी उभं करून त्या मास्तरांकडे बघा. तेही बाहेरून आलेले, तेही एकट्याच्या पुण्याईवर अख्खं गाव सुधारणारे. गाव त्यांच्या नजरेच्या धाकाने व्यसनं सोडतं. पण इथे डोळा चळतो. मास्तर तमाशातल्या चंद्रकलेपायी घसरतात. दुसऱ्याच कुणाच्या प्रेताला आपले कपडे चढवले जातात, गुरुजींचा खून झाला असं गाव समजतं, आणि खरे गुरुजी फडावर पडेल ते काम करत हिंडतात. इकडे गावात त्यांचा पुतळा बसतो. एके दिवशी त्यांच्यावरच गुरुजींच्या खुनाचा आरोप येतो. पंधरा वर्षांपूर्वी आदिनाथला मारून शांतारामांनी त्याचे डोळे तेवढे अमर केले होते. आता त्यांनी माणूस जिवंत ठेवला, पुतळ्याखाली आणून उभा केला, आणि दोघांत कुणाला वाचवायचं ते त्या माणसालाच ठरवायला लावलं.

कोर्टात मास्तर तोंड उघडत नाहीत. मीच तो गुरुजी, एवढं म्हटलं तर सुटका आहे, पण गावातला पुतळा फुटतो आणि पुतळ्याबरोबर गाव पुन्हा दारूकडे जातं. शिक्षा सुनावली जाते. पिंजऱ्यात उभा असलेला तो दाढी वाढलेला माणूस मान खाली घालतो.